पाचटावर पहिला हक्क कोणाचा?

वसईच्या वाड्यांतून एकेकाळी केळीच्या जोडीने ऊसही पिकत असे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. आज वसईच्या पूर्वेस सातिवलीला जाणाऱ्यास ऊस दिसत नाही; दिसतात ते औद्योगिक गाळे आणि त्यांत राबणारे कामगार. उसाचे राज्य घाटापलीकडे वसले, आणि येथे यंत्रांची वसाहत झाली. तथापि उसाविषयीच्या संशोधनाचे गाडे आज जेथे अडले आहे, तेथून ते पुढे काढण्याचे सामर्थ्य मळ्यापेक्षा अशा गाळ्यांतच अधिक आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या संशोधनाची परंपरा लहान नाही. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर व व्यंकटरामन यांनी तेथे लागवडीच्या उसाचा काश या रानगवताशी संकर घडवून आणला आणि भारतीय उसाचे भवितव्य पालटले. महाराष्ट्रात १९३२ साली नीरा कालव्याच्या पट्ट्यात पाडेगावचे संशोधन केंद्र सुरू झाले. कोइमतूरला जन्मलेल्या को ७४० आणि को ८६०३२ या जातींची महाराष्ट्रापुरती पारख पाडेगावी झाली. पुढे फुले २६५ ही जातही याच केंद्राने दिली. १९७५ साली मांजरी येथे साखर कारखानदारांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था आज वसंतदादा पाटील यांच्या नावाने ओळखली जाते. या सर्व साधनेचे लक्ष्य प्रामुख्याने एकच राहिले, आणि ते म्हणजे उसाचे वजन व त्यातील साखर.

कारखान्याच्या आवारात आलेल्या उसाचे काहीच वाया जात नाही. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस टन बगॅस उरते. त्यात निम्मे पाणी असते. तरीही तेच बॉयलरात जाळून कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. तामिळनाडूत १९७९ साली स्थापन झालेल्या कंपनीने बगॅसपासून वृत्तपत्राचा कागद काढून दाखविला. मळीपासून मद्यार्क होतो, प्रेसमडचे खत होते. हे साधते याचे कारण उघड आहे. हा माल एका जागी गोळा झालेला असतो, त्याचे वजन झालेले असते आणि त्याला धनी असतो.

शेतात पडलेल्या पाचटाला यातले काहीच लाभत नाही. ऊसतोड झाली की हेक्टरी आठ ते दहा टन पाचट मागे राहते. हिरवे वाढे जनावरांपुढे जाते. वाळलेले पाचट जनावर तोंडात घेत नाही. खोडव्याला पाणी देण्याची घाई असते, मजूर मिळत नाही, आणि मग काडी ओढली जाते. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. काडीपेटी हे त्याच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त अवजार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पाचट जाळू नये, हे शास्त्राने केव्हाच सांगितले आहे. त्याचे तुकडे करून सरीत पसरावे, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, म्हणजे काही महिन्यांत त्याचे खत होते, ओल टिकते आणि तण दबते. एका हेक्टरच्या पाचटात चाळीस ते पन्नास किलो नत्र असते. आग लावली की त्यातील बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर निघून जातो, आणि तेच नत्र शेतकरी पुढे पोत्याने विकत आणतो.

दुसरी वाट डॉ. आनंद कर्वे यांनी दाखविली. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने पाचटाचा कोळसा करण्याची लहान भट्टी बनविली आणि त्या कोळशाच्या भुकटीपासून चुलीसाठी कांड्या केल्या. २००२ साली या कामाला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यातील खरा बोध हा की, पाचट हलके आणि फुगीर असल्यामुळे ते कारखान्याकडे नेण्यापेक्षा कारखानाच पाचटाकडे गेला पाहिजे.

आता तिसरा मागणीदार पुढे आला आहे. २०२२ साली हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेण्याची त्याची योजना आहे. ज्याला कोणी विचारत नव्हते त्याला भाव येणार, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु येथेच सावध राहणे अगत्याचे आहे. आजवर जे जळत होते ते उद्या सर्वच्या सर्व ट्रकांतून निघून गेले, तर धूर थांबेल, जमिनीची भूक मात्र तशीच राहील. म्हणून हक्कांचा क्रम आधीच ठरवावयास हवा: पहिला जमिनीचा, दुसरा शेतकऱ्याच्या चुलीचा व गोठ्याचा, आणि उरेल त्यावर तिसरा कारखान्याचा. रोख पैशाची निकड असलेला शेतकरी हा क्रम आपणहून पाळील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. पाचट जमिनीत ठेवणे हे जाळण्याइतकेच स्वस्त आणि सोपे झाले, तरच तो पाळला जाईल.

ते सोपे करण्याचे काम यंत्राचे आहे. ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी यंत्रे बाजारात आहेत. एक-दोन एकरांच्या धन्याला ती परवडत नाहीत. सातिवलीसारख्या वसाहतींतील लहान कारखान्यांकडे कातकाम, जोडकाम आणि दुरुस्तीची कला आहे. संशोधन केंद्रांनी आराखडे खुले करावेत, तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांनी ते शेतावर पारखावेत, गाळ्यांनी यंत्रे घडवावीत आणि सहकारी साखर कारखान्यांनी ती खरेदी करून सभासदांना भाड्याने द्यावीत. वसईच्या परिसरालाही हे कौशल्य परके ठरणार नाही. भाताचा पेंढा व केळीची खुंटे येथेही आहेत. याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील नवसारीच्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून धागा आणि त्याच्या रसापासून द्रवखत तयार करून दाखविले आहे.

उसाची नवी जात निर्माण करण्यास दहा-बारा वर्षांची तपश्चर्या लागते, आणि ती महाराष्ट्राने श्रद्धेने केली. पाचटाच्या कुट्टीसाठी तेवढी तपश्चर्या नको. पण तेवढीच प्रतिष्ठा मात्र हवी. प्रयोगशाळेपासून सरीपर्यंतचा शेवटचा पल्ला हाही विज्ञानाचाच भाग आहे, हे मान्य झाले, तर काडीपेटी शेतकऱ्याच्या हातून आपोआप सुटेल.