ऋण काढून सहल नको!

वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक फळ्यावर लागले, की मध्यमवर्गीय मराठी घरांत दुसऱ्या एका वेळापत्रकाची चर्चा सुरू होते. सुट्टीत कुठे जायचे? एके काळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. आजोळ, तिथली आंब्याची आढी, विहिरीवरचे पोहणे, आणि हात थोडा सैल असला तर महाबळेश्वर किंवा माथेरान. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उभे राहिले आणि सहलीच्या यादीत ‘थीम पार्क’ हा शब्द शिरला. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. आता ही यादी देशाची सीमा ओलांडून सिंगापूर, हाँगकाँग आणि थेट फ्लोरिडापर्यंत पोहोचली आहे. वर्गमित्र डिस्नेलँड पाहून आलेला असतो, शेजाऱ्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर झळकत असतात आणि घरातले दहा वर्षांचे मूल विचारते, ‘‘आपण कधी जायचे?’’

या प्रश्नावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘हा सारा चंगळवाद आहे’ असे म्हणून नाक मुरडण्याची. दुसरी, ‘एकदाच तर जायचे आहे, हप्त्याने फेडू’ असे म्हणून त्याच दिवशी आरक्षण करून मोकळे होण्याची. दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे; विचार करण्याचे कष्ट दोन्हींत टाळलेले असतात.

लगाम आता घरातच हवा

परदेशी सहलीची चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, ती अगदी अलीकडे. परकीय चलनाच्या टंचाईपायी १९९१ साली या देशाला सोने गहाण ठेवावे लागले होते. त्या काळात परदेशी उद्यानात पाळण्यावर बसण्यासाठी डॉलर मागणे, ही कल्पनाही कोणाला सुचली नसती. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाकाठी २५ हजार डॉलर परदेशी नेण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. कोणत्याही पगारदार कुटुंबाच्या सहलीला ती पुरून उरते. थोडक्यात, सरकारने घातलेला लगाम सुटला आहे. देशाची अर्थव्यवस्था सबळ झाल्याचे हे लक्षण असून त्याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र बाहेरचा लगाम सुटल्यावर घरचा लगाम आपल्या हाती घ्यावा लागतो, याचे भान अनेक घरांना अद्याप आलेले नाही.

आपल्याकडे प्रवासाला विरोध कधीच नव्हता. काशीयात्रेला निघणारी पिढी वर्षानुवर्षे गाठीला पैसा बांधत असे, घरचे देणेघेणे मिटवत असे आणि मगच उंबरठा ओलांडत असे. देणे डोक्यावर ठेवून यात्रेला निघणे कमीपणाचे मानले जाई. ठिकाण बदलले, वाहन बदलले. पण ही रीत बदलण्याचे काही कारण नाही.

उद्यानामागचा विचार

ही उद्याने म्हणजे निव्वळ पैसे उकळण्याची यंत्रे, असा समजही एकांगी आहे. आपल्या दोन मुलींना चक्री पाळण्यावर बसवून स्वत: बाकावर बसलेल्या वॉल्ट डिस्ने यांना प्रश्न पडला, की आईवडील आणि मुले एकत्र रमतील अशी जागा का असू नये? ही आठवण त्यांनी स्वत:च पुढे सांगितली आहे. त्या प्रश्नातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उभे राहिले. १९७१ मध्ये फ्लोरिडात, १९८३ मध्ये टोकियोत, १९९२ मध्ये पॅरिसजवळ, २००५ मध्ये हाँगकाँगला आणि २०१६ मध्ये शांघायला त्याची भावंडे आली. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०१० साली युनिव्हर्सल स्टुडिओज सुरू झाले. तेथील स्वच्छता, रांगेची शिस्त, चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी केलेली सोय पाहून मुले काही शिकून परतली, तर खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

परंतु मूळ विचार कुटुंबाचा असला, तरी व्यवहार बाजाराचा आहे, हेही ध्यानात ठेवावे. गर्दीच्या दिवशी महाग आणि इतर दिवशी स्वस्त, अशी तिकिटांची पद्धत अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांनी २०१६ पासून आणली. लांबलचक रांग टाळण्याची जी सोय १९९९ पासून विनामूल्य होती, तिच्या जागी २०२१ मध्ये पैसे मोजून घ्यायची सोय आली. म्हणजे तिथे केवळ खेळाला किंमत नाही. तारखेला आहे, वेळेला आहे आणि घाईला तर सर्वांत जास्त आहे. जे कुटुंब योजना न करता जाते, ते या घाईची किंमत मोजते.

तिकीट लहान, बाकीचा खर्च मोठा

उदाहरणादाखल आईवडील आणि सात व अकरा वर्षांची दोन मुले अशा कुटुंबाची सिंगापूरची सहल घेऊ. पाच रात्री, सहा दिवस. मोसम आणि आरक्षणाचा दिवस यांप्रमाणे आकडे बदलतील, पण प्रमाण साधारण असेच राहील. विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट माणशी ३२ हजार धरले तर चौघांचे १ लाख २८ हजार होतात. दोन वर्षांवरील मुलाला जवळजवळ मोठ्यांइतकेच भाडे पडते, हे पुष्कळांना शेवटच्या क्षणी कळते. हॉटेलचे रात्रीला १३ हजार प्रमाणे ६५ हजार. जेवणखाण दिवसाला ७ हजार प्रमाणे ४२ हजार. युनिव्हर्सलची चौघांची तिकिटे सुमारे २० हजार आणि प्राणिसंग्रहालयासारख्या अन्य दोन-तीन ठिकाणांची आणखी २० हजार. शहरातला प्रवास १० हजार. व्हिसा आणि प्रवास विमा १५ हजार. पासपोर्टचे नूतनीकरण, घरापासून विमानतळापर्यंतची गाडी वगैरे ८ हजार. खरेदी २० हजार. बेरीज झाली ३ लाख २८ हजार. त्यावर अडीअडचणीसाठी दहा टक्के, म्हणजे सुमारे ३२ हजार. एकूण ३ लाख ६० हजार रुपये.

हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट उघड होते. ज्या उद्यानासाठी एवढा खटाटोप, त्याचे तिकीट एकूण खर्चाच्या अठराव्या हिश्श्याइतकेच आहे. विमान आणि हॉटेल मिळून निम्म्याहून अधिक रक्कम जाते. तरीही घरोघरी काथ्याकूट चालतो तो उद्यानाच्या तिकिटावर शंभर-दोनशे रुपयांची सूट मिळवण्याचा! विमानाच्या प्रत्येक तिकिटामागे पाच हजार वाचले, तर चौघांचा युनिव्हर्सलचा दिवस त्यातच निघतो. त्यासाठी तारीख आधी ठरवावी लागते. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरात मोठी सुट्टी असते. आपली मे महिन्याची सुट्टी त्यापूर्वीची. तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, शनिवार-रविवार टाळून उद्यानाचा दिवस ठेवला, तर स्थानिक सुट्टीची गर्दी चुकवता येते.

काही तपशील किरकोळ वाटतात, पण सहलीचा विचका तेच करतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो; तो संपत आलेला असेल तर व्हिसाची गाडी तिथेच अडते. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. सिंगापुरात काहींना ती १२० सेंटिमीटरच्याही वर आहे, म्हणून निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलांची उंची मोजून पाहावी. पाळण्याच्या दारातून परत फिरावे लागलेल्या मुलाची समजूत कोणत्याही खेळण्याने निघत नाही. क्रेडिट कार्डाने परदेशात पैसे देताना अनेक बँका तीन ते साडेतीन टक्के अधिभार लावतात. दुकानदार ‘रुपयांत देता का?’ असे विचारतो, तेव्हा तेथील चलनातच देणे सहसा फायद्याचे असते. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. त्याचे दर अनेकदा बदललेले असल्याने आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती होते. पण तोवर ती खिशातून गेलेलीच असते. नोकरदारांच्या प्रवास भत्त्यावरील करसवलत केवळ देशांतर्गत प्रवासाला आहे, हेही विसरू नये.

काटकसर म्हणजे हालअपेष्टा नव्हेत. सिंगापुरात नळाचे पाणी निर्धोक आहे. घरून नेलेली बाटली भरून घेतली तर दिवसाकाठी बरेच पैसे वाचतात. तेथील हॉकर सेंटरमध्ये स्वस्त आणि स्वच्छ अन्न मिळते, तर शाकाहारी कुटुंबांसाठी सेरंगून रस्त्यावर १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास आहे. आणि एक दर्शन तर संपूर्ण विनामूल्य आहे. याच शहरात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे मूळ स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्ये परतताच उद्ध्वस्त केले. त्या जागी, एस्प्लनेड पार्कमध्ये, आज स्मृतिफलक उभा आहे. सहलीच्या आराखड्यात अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवावा. मुलांना तो पाळण्याइतकाच लक्षात राहील.

साठवणारे आणि फेडणारे

आता मुख्य प्रश्न. हे ३ लाख ६० हजार आणायचे कुठून? बाजाराचे उत्तर तयार आहे: आज जा, उद्या फेडा. वर्षाला १४ टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी ही रक्कम कर्जाऊ घेतली, तर दरमहा सुमारे १७ हजार ३०० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण ४ लाख १५ हजार फेडावे लागतात. ५५ हजार रुपये नुसते व्याज! हीच रक्कम क्रेडिट कार्डावर थकवली तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते. त्या खड्ड्यातून वर येणे कठीणच.

याउलट जे कुटुंब दोन वर्षे आधी ठरवते आणि दरमहा १५ हजार आवर्ती ठेवीत टाकते, त्याला साडेसहा टक्के दराने सुमारे २५ हजार रुपये व्याज मिळते. म्हणजे एकच सहल, पण फेडणारे कुटुंब आणि साठवणारे कुटुंब यांच्यात जवळपास ८० हजारांचे अंतर पडते. दोन वर्षांत भाडी वाढली, तर ती वाढ सोसायला हे व्याज हाताशी असते. शिवाय मधल्या काळात घरात आजारपण आले, तर साठवलेला पैसा कामी येतो. सहल पुढे ढकलता येते. हप्ता मात्र पुढे ढकलता येत नाही. महिन्याला १५ हजार बाजूला टाकणे झेपत नसेल, तर १७ हजारांचा हप्ता झेपेल असे मानणे ही स्वत:चीच फसवणूक आहे. अशा घराने तीन वर्षांची योजना करावी किंवा खोपोलीला जाऊन यावे. त्यात कमीपणा कसला?

आणि क्रम चुकवू नये. सहा महिन्यांचा घरखर्च, आरोग्य विमा, मुलांच्या शिक्षणाची तरतूद ही आधी, सहल त्यानंतर.

हिशेब मुलांसमोर व्हावा

सहलीचा अर्थसंकल्प आईवडिलांनी रात्री दार लावून करू नये. तो जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर, वहीत लिहून व्हावा. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही ‘यंदा नवी सायकल नाही, कारण ते पैसे सिंगापूरच्या डब्यात जातील’ हे कळते. आजीआजोबांना न्यायचे का, हा प्रश्नही याच बैठकीत मोकळेपणाने यावा. प्रकृतीमुळे त्यांना जायचे नसेल तर निर्णय त्यांचा असावा. ‘तेवढे दोन तिकिटांचे वाचतील’ हा हिशेब परस्पर मांडला जाऊ नये. अमेरिकेत नातेवाईक असतील, तर त्यांच्या घराकडे फुकटचे हॉटेल म्हणून पाहू नये. प्रवासात प्रत्येक मुलाच्या हाती खरेदीसाठी ठरावीक डॉलर द्यावेत आणि संपले की संपले, हे आधीच सांगावे. दुकानात उभे राहून खेळणे उचलणारे आणि किंमत वाचून पुन्हा खाली ठेवणारे मूल त्या क्षणी जे शिकते, ते कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही.

मुलांना आईवडिलांचा सहवास हवा असतो, तो पाच दिवस अखंड मिळतो हे अशा सहलीचे मोठे मोल आहे. पण परतल्यावर चोवीस महिने हप्त्याच्या चिंतेने वडील चिडचिडे झाले, आई जादा काम घेऊ लागली आणि संध्याकाळी मुलांशी बोलायला कोणी उरले नाही, तर त्या पाच दिवसांची फेड मुलांनीच केली असे म्हणावे लागेल. जे घर येत्या सुट्टीत निघण्याच्या विचारात आहे, त्याने आरक्षणापूर्वी एकदा वही उघडावी. बेरीज जमत असेल तर आनंदाने जावे. जमत नसेल तर मुलांना तसे स्पष्ट सांगावे आणि त्याच वहीत, पुढच्या कोऱ्या पानावर, दोन वर्षांनंतरची तारीख घालावी.