‘रन’च्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना

चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांची जुनी तक्रार आहे: इंग्रजी शब्द बेभरवशाचे. ‘रन’ म्हणजे ‘पाओ’, धावणं, एवढं घोकून होतं न होतं तोच हा शब्द कंपनी चालवतो, निवडणूक लढवतो, सर्दी झाली की नाकातून वाहतो. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले, हे तर तक्रारदारांच्या हाती आयतं कोलीत. त्यावर उतारा म्हणून पुन्हा घोकंपट्टीच सांगतात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी.

म्हणजे चिनी शब्द एकार्थी असतात की काय? ‘दा’ म्हणजे मारणं. पण चिनी माणूस फोन ‘दा’ करतो, छत्री ‘दा’ करतो, विहिरीचं पाणी आणि लोकरीचा स्वेटरही ‘दा’च करतो. या शब्दाच्या सैल वापरावर ओउयांग श्यू हे सोंग काळातले पंडित अकराव्या शतकातच वैतागले होते. त्यांच्या वैतागानं काही फरक पडला नाही. आपणही गप्पा मारतो, शिट्टी मारतो, चक्कर मारतो. याद्या कोण पाठ करतं? खुद्द ‘पाओ’ तरी कुठे नुसता धावतो? टायरमधली हवा ‘पाओ’ होते, बोलता बोलता विषय ‘पाओ’ होतो, संगणकवाले प्रोग्रॅमही ‘पाओ’ करतात.

खरा घोळ त्या दोन रकान्यांत आहे. दार, दिवा, मोटार, तिन्हींना चिनीत ‘काइ’ चालतं. यादीत ‘काइ’समोर ‘ओपन’ छापलेलं. मग पोरगं ‘ओपन द लाइट’ म्हणणार नाही तर काय? इथे पसरट शब्द चिनी आहे आणि बोल मात्र इंग्रजीला!

शब्द त्याच्या सोबत्यांसकट शिकवावा. नळ, नाक, नदी एका दमात सांगितली की ‘रन’मधला वाहतेपणा पोरांना आपसूक दिसतो. ‘रन आउट’ म्हणजे संपणं, हे असं उमगत नाही. ते खुशाल पाठ करावं.

चिनी तरुणांना अर्थ ताणता येत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. ‘रुन’ या चिनी अक्षराचा मूळ अर्थ ओलसर, तुकतुकीत. रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग थेट ‘रन’चं. तेवढ्या धाग्यावर त्यांनी त्याला ‘देश सोडून सटकणं’ हा अर्थ चिकटवला, आणि 2022 मध्ये शांघायच्या टाळेबंदीत तो सर्वतोमुखी झाला. सटकायचं कसं, याच्या खलालाही ‘रुनशास्त्र’ असं भारदस्त नाव मिळालं.