बस्ती आहे, वस्ती नाही

आमच्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. निपाणीपासून बेळगावपर्यंत आमच्यातल्या कुठल्याही घरात सकाळी जाऊन विचारा, "अक्का कुठं हाईत?" उत्तर येतं, "बस्तीला गेल्यात." बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेलं देऊळ आहे, ती कमल बस्ती. कन्नडमध्ये बसदी. मूळ शब्द संस्कृत वसति, म्हणजे राहण्याची जागा. बस्ती असेल तिथे वाटसरूला रात्री पाठ टेकता येते, असा त्याचा अर्थ मी लहानपणापासून धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात तो मला खोडावा लागला.

आम्ही चौघी स्तवनिधीहून कुंभोजच्या बाहुबलीला पायी निघालो होतो. मी, माझी थोरली जाऊ, शेजारच्या काकी आणि त्यांची बावीस वर्षांची पुतणी. महामार्ग मुद्दाम टाळला. तिथे ट्रक अंगावर येतात, आणि विहारात असलेल्या साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून निपाणीहून आतल्या रस्त्याने भोज, तिथून बोरगाव, इचलकरंजी, हातकणंगले अशी वाट धरली. तंबाखूची आणि उसाची रानं, कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर, बाकी शांत. पायी जाणारं कुणीच भेटत नाही. भोजला संगमावर जरा टेकलो. आचार्य शांतिसागर महाराज या गावचे. १९२७ साली दक्षिणेतून संघ घेऊन ते शिखरजीकडे पायी निघाले, तेव्हा संघात श्रावक-श्राविकाही होत्या. इतक्या माणसांची रोज रात्री कुठे ना कुठे सोय झालीच असणार.

पहिली रात्र पाहुण्यांच्या घरी झाली. दुसरी एका धर्मशाळेत काढायची ठरवली होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हा एका गावाचा दोष नव्हे. तीन मजली इमारत, खाली हॉल, दाराशी दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव होतं. पंखा फिरायला लागला की दाता दिसेनासा होतो, एवढीच काय ती निष्कामता.

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. आधी पाणी दिलं. मग विचारलं, "संगती पुरुष मंडळी कोण हाईत?"

"कोणी नाही."

"मग गाडी कुठं लावलासा?"

"गाडी नाही हो. चालत आलोय."

"चालत? ते कशाला वो अक्का?"

बाहुबलीला निघालेल्या बायकांना जैन धर्मशाळेच्या दारात हा प्रश्न! त्यांनी विश्वस्तांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: खोल्या दात्यांसाठी राखीव, हॉल परवाच्या लग्नासाठी दिलेला, आणि नुसत्या बायकांची जबाबदारी कोण घेणार? हॉल त्या रात्री रिकामा होता, आम्हाला दिसत होता. मी म्हटलं, व्हरांड्यात झोपतो, चटई आमची आहे. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला आणि जाऊबाईंना विचारलं, "कुणाला अडचण न्हाई न्हवं?"

काकींच्या पुतणीचा दुसरा दिवस होता. ती देवळात जाणार नव्हतीच. तिला फक्त अंग टाकायचं होतं आणि कडी लागणारं न्हाणीघर हवं होतं. "नाही" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सत्याणुव्रत पाळायचं आणि धर्मशाळेच्याच दारात खोटं बोलायचं, हे जाऊबाईंना जमलं नाही. आम्ही पिशव्या उचलल्या.

दिवस मावळत होता. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही, म्हणजे जेवणही गेलं. हायवेवर लॉज असतात, तिकडे जा, असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सूर्यास्ताआधी पोचणं, गाळलेलं पाणी, कांदा-लसूण न पडलेलं अन्न, यातलं काही लॉजवर मिळत नाही. म्हणूनच तर आपल्या लोकांनी धर्मशाळा बांधल्या होत्या.

पुढे मैलभरावर रस्त्याकडेला एक घर होतं. सोप्यात एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिने ना गाव विचारलं ना जात. उलट तीच म्हणाली, "आमी तुमच्यातलं न्हाई वो, चालंल न्हवं?" सोपा झाडला, घोंगडी अंथरली, पोरीला आत नेऊन पाणी तापवून दिलं. आम्ही जेवणार नाही म्हटल्यावर मात्र तिला राग आला. "माझ्या दारात उपाशी निजतासा काय?" तिला समजावता समजावता आमची पुरेवाट झाली. पहाटे उठून तिने आमच्याच फडक्याने पाणी गाळून ठेवलं होतं. का गाळायचं, हे तिने रात्री जाऊबाईंना खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

आता शास्त्राकडे येते, कारण ही गोष्ट मी सांगितली की लगेच कुणीतरी शास्त्र काढतं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, उपकरण आणि आवास. पाठशाळेत आपण आहार, औषध, शास्त्र, अभय अशी चौकडी पाठ केली, त्यामुळे आवास वेगळा मोजायचं राहून गेलं. पंडित म्हणतात, हे दान मुनींसाठी. बरोबर, मुनी हे उत्तम पात्र. पण पात्रं तीन सांगितली आहेत ना? व्रती श्रावक मध्यम पात्र, आणि व्रत नसलं तरी सम्यग्दृष्टी असलेला जघन्य पात्र. माझ्या जाऊबाई बारा व्रतं घेतलेल्या आहेत. त्या कुठल्या पात्रात बसतात, ते मला पंडितांनी सांगावं. आणि कुठल्याच पात्रात बसत नसतील, तर करुणादान नावाचीही एक गोष्ट आहे. विड्या वळणाऱ्या त्या बाईने ती न शिकता केली.

महाराजांचा विहार असला की गाव धावतं. शाळेच्या खोल्या उघडतात, सांस्कृतिक भवन उघडतं, माणसं चार मैल पुढे जाऊन वाट दाखवतात. हे व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तीच कुलपं संघ पुढे गेला की परत लागतात, आणि मग ती फक्त लग्नाला उघडतात. ट्रस्टचे लोक म्हणतात, विजेचं बिल कोण भरणार? आम्ही भरतो की! आम्ही फुकट मागितलं नव्हतं. आम्हाला पैसे सांगितलेच नाहीत, नुसतं नाही सांगितलं. दुसरं कारण देतात गैरवापराचं: लोक येतात, पत्ते खेळतात, प्यायलेलं सापडतात. असतील. ते चारचाकीतून आलेले असतात, बरोबर पुरुष मंडळी असतात, म्हणून त्यांना खोली मिळते. दिवसभर चालून पायाला फोड आलेल्या साठीच्या बायका काय गैरवापर करणार?

आणि आपला इतिहास तर निजायला जागा देण्यापासूनच सुरू होतो. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, आजची दक्षिण भारत जैन सभा, १८९९ साली स्तवनिधीलाच स्थापन झाली. निपाणीला रेल्वे आजही नाही. ती माणसं बैलगाडीने आणि पायीच आली असणार. त्याच सभेने पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगावला बोर्डिंगं काढली, कारण खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा नव्हती. कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांना सोवळ्याच्या वादातून कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. कर्मवीरांची जयंती आपण वाजतगाजत करतो. सोवळ्याचा वाद मात्र धर्मशाळेच्या दारात तसाच उभा आहे, फक्त आता तो खालच्या आवाजात विचारतात.

दुसरीकडे कसं चालतं ते पाहा. नर्मदेच्या परिक्रमेत अनोळखी माणसाला आश्रमात, नाहीतर कुणाच्या तरी पडवीत जागा मिळते, सदाव्रत म्हणून शिधा मिळतो. मराठी बायका ती परिक्रमा करून येतात आणि पुस्तकं लिहितात. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी साधी निवासस्थानं आहेत. जवळच्या पुस्तिकेत मुक्कामागणिक शिक्का मारून घ्यायचा, एक खाट मिळते, सकाळी निघायचं. तिथल्या बऱ्याच ठिकाणी पायी आलेल्याचा हक्क पहिला, सायकलवाल्याचा नंतर. आपल्याकडे उलटं. गाडी जितकी मोठी तितकी खोली वरच्या मजल्यावर.

मला वातानुकूलित यात्री निवास नको आहे. त्याची पत्रकं माझ्या घरी येतात, खोलीला नाव द्यायचे किती लाख तेही त्यात असतं. मी मागते ते असं: वाटेवरच्या प्रत्येक बस्तीच्या आवारात, देवळापासून वेगळी, एक खोली. सिमेंटची जमीन चालेल. चार चटया, पाण्याचा हंडा आणि गाळणं, आतून कडी लागणारा संडास, दिवा. आधारकार्ड बघा, वहीत नावं लिहा, घ्यायचे ते पैसे घ्या. नवऱ्याचं नाव विचारू नका, आणि अडचण विचारू नका. देवळात कुणी जायचं ते ज्याचं त्याला कळतं. एका पाटीच्या संगमरवरात अशी खोली होईल.

हे सगळं मी दोन ठिकाणी पत्राने कळवलं. एका ठिकाणाहून उत्तर आलं, गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचं शिफारसपत्र आणा. दुसरीकडून अजून काही आलेलं नाही.

या पौषात आम्ही परत निघतोय. सात जणी आहोत. काकींची पुतणी येत नाही. तिने कॅलेंडर काढून दिवस मोजले आणि म्हणाली, "काकी, माझी तारीख मधेच येते. तुम्ही जावा." तिला चल म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी फोन केला तो त्या विड्या वळणाऱ्या बाईला. ती म्हणाली, "सात काय, धा या. पर या खेपंला दिस बुडायच्या आत पोचा. भाकरी करून ठेवतो, कांदा घालत न्हाई."