मेहर रुपयांत लिहिण्याआधी वीस वर्षांपुढचा हिशेब करा

2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव पहिल्यांदाच एक लाखाच्या पुढे गेला. लग्नघरांत चर्चा झाली ती दागिन्यांची. निकाहनाम्यावर मेहरचा जो आकडा लिहिला जातो, त्याचं या महागाईत पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं.

मेहर दोन प्रकारचा असतो. मुअज्जल, म्हणजे लगेच द्यायचा आणि मुवज्जल, म्हणजे पुढे द्यायचा. अनेक घरांत रक्कम रुपयांत ठरते आणि उधार राहते. नुकसान इथेच होतं, आणि ते बायकोचं होतं.

उदाहरण घ्या. सन 2000 मध्ये 25,000 रुपये मेहर ठरला. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आसपास होतं, म्हणजे त्या रकमेत साडेपाच तोळे आले असते. 2025 मधल्या लाखाच्या भावाने तेच 25,000 रुपये दिले असते, तर अडीच ग्रॅम आलं असतं. कागदावरचा आकडा तोच, पण हक्क जवळजवळ संपलेला.

सोनं बाजूला ठेवलं तरी हिशेब सुटत नाही. 72 ला महागाईच्या दराने भागा. तितक्या वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. महागाई 6 टक्के असेल तर 12 वर्षांत निम्मी, 24 वर्षांत पाव. 4 टक्के धरली, तरी 18 वर्षांत निम्मी. घरात किंवा चालू खात्यात पडून असलेल्या हजच्या पैशालाही हेच गणित लागू आहे.

काही जण म्हणतात, "आपण व्याज घेत नाही, मग हा हिशेब कशाला?" इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कर्जाऊ रकमेवर ठरवून जादा घेणं हा रिबा, तो हराम. पण उधारीच्या विक्रीत वस्तूची किंमत रोखीपेक्षा जास्त ठरवणं बहुतेक फकीहांनी जायज मानलं आहे. म्हणजे व्यवहारात मुदतीला महत्त्व आहेच. उलट रुपयांतल्या थकलेल्या मेहरवर व्याज मागता येत नाही, म्हणूनच तो कशात ठरवायचा याची काळजी आधीच घ्यायला हवी.

उपाय अवघड नाहीत. पहिला आणि उत्तम, मेहर निकाहच्या वेळीच द्या. ती रक्कम तिची. ती सोनं घेईल, नाहीतर शरियतच्या निकषांवर चालणाऱ्या फंडात गुंतवेल. दुसरा, उधार ठेवायचाच असेल तर रुपयांऐवजी सोन्या-चांदीच्या वजनात लिहा. मेहर-ए-फातिमी मुळात चांदीच्या वजनातच आहे, साधारण दीड किलो. तो ठरवून निकाहनाम्यावर फक्त त्या दिवसाची रुपयांतली किंमत लिहिली, तर फायदा निघून जातो.

सोन्याचा भाव उतरतोही. 2012 मध्ये 31 हजारांच्या घरात असलेला भाव 2015 मध्ये 26 हजारांच्या आसपास आला होता. आणि भाव चढला तर नवऱ्यावरचा बोजा वाढतो, हेही खरं. म्हणून पेलवेल तेवढंच वजन लिहा. मोठ्या आकड्याच्या उधारीपेक्षा हातात दिलेला एक तोळा बरा.

न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. तो वारला तर वारसांच्या वाटणीआधी ते फेडावं लागतं. त्या दिवशी विधवेच्या हाती काय पडेल, हे निकाहनाम्यावर सही होतानाच ठरतं. मुलीच्या वालिदैननी काझी साहेबांसमोर बसण्याआधीच हे बोलून घ्यावं.