पत्र्याचे छप्पर आणि वाऱ्याची वाट

वैशाखातील भर दुपारी भडगाव तालुक्यातील कोणत्याही गावी पत्र्याच्या गोठ्यात घटकाभर उभे राहून पाहावे. बाहेर निंबाच्या सावलीत जीव कसाबसा तग धरितो. आत मात्र डोक्यावरून आच उतरत असते, म्हैस मान टाकून उभी असते आणि संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकीत असते. हे पाहून कास्तकार पत्र्यास शिव्या देतो व पुढल्या वर्षी पंखा बसविण्याचा विचार करितो. आमचे मत निराळे आहे. दोष पत्र्याचा नाही. पत्र्याखाली वाऱ्यास वाट ठेविली नाही, हा खरा दोष आहे, आणि तो आपल्याच हातचा आहे.

आपल्या वाडवडिलांची घरे धाब्याची होती. सागाच्या तुळयांवर किलचण, तिजवर मातीचा जाड थर. ही माती सावकाश तापते. दुपारचे ऊन खोलीत उतरावयास रात्र होते, आणि रात्री माणसे धाब्यावरच निजत. परंतु माती जड, लाकूड महाग, आणि दर पावसाळ्यापूर्वी धाबे दुरुस्त करण्याची यातायात फार. तेव्हा हलका, न गळणारा व दोन दिवसांत उभा राहणारा पत्रा लोकांनी पत्करिला, यात त्यांचे चुकले नाही. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडन येथे 1829 साली घेतले गेले. पुढे त्यास जस्ताचा मुलामा मिळाला आणि तो जगभर पसरला. चूक झाली ती एवढीच की, धाबे काढून पत्रा घातला, पण धाबे उन्हाला अडवीत होते ते काम कोणावरच सोपविले नाही.

उष्णता छपरातून खाली कशी येते हे नीट समजून घ्यावे. दुपारी पत्रा 60 अंश सेल्सिअसच्या वर सहज तापतो. जुना, गंजलेला व धुळीने माखलेला पत्रा तर अधिकच तापतो. असा पत्रा दोन रीतींनी त्रास देतो. एक, तो चुलीवरच्या तव्याप्रमाणे खाली आच फेकतो. ही आच मधल्या हवेची वाट न पाहता थेट जनावराच्या पाठीवर पडते. दुसरे, त्याच्या लगतची हवा तापून वर दाटते व बाहेर जाण्यास मार्ग नसल्यामुळे तेथेच कोंडून राहते. पंखा लाविला तर हीच ऊन हवा ढवळली जाते. गाईच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारे 38.5 अंश, बाहेरचा पारा 44 वर आणि डोक्यावर तापलेला पत्रा, अशा वेळी ती अंगातील उष्णता टाकणार कोठे? ती वैरण कमी खाते, दूध आटते, गाभण राहण्यासही अडचण पडते.

ह्यावर उपाय म्हणजे हवेशीर दुहेरी छप्पर. वर पत्रा, त्याखाली मोकळी पोकळी, आणि पोकळीखाली उष्णता अडविणारा दुसरा थर. पोकळीचे तोंड खाली वळचणीस व वर आढ्यास उघडे. पत्र्याने तापविलेली हवा हलकी होऊन आपोआप आढ्याकडे चढते व बाहेर जाते. तिच्या जागी वळचणीतून बाहेरची हवा आत येते. ऊन जितके कडक, तितका हा ओघ जोराचा. ह्यास वीज लागत नाही व भारनियमनाचे भय नाही. पत्रा तापतो, पण त्याची आच खालच्या थरावर अडते आणि त्या थरास वारा सतत थंड करीत राहतो.

ही युक्ती नवी नाही. तंबूवर दुसरे कापड अंतर सोडून ताणण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. आणि आज आपल्याच गावांत पाहा: सिमेंटच्या स्लॅबवर अनेकांनी पत्र्याची शेड उभारली आहे. जेथे शेडच्या बाजू मोकळ्या आहेत तेथे खालची खोली निवांत असते. जेथे जागा वापरावयास मिळावी म्हणून चारही बाजू बंद केल्या तेथे तीच शेड भट्टी होते. साहित्य तेच; फरक वाऱ्याच्या वाटेचा.

आता मापे. पत्रा व खालचा थर ह्यांमध्ये निदान 4 ते 6 इंच पोकळी असावी. गोठ्याच्या दर 10 फूट रुंदीमागे आढ्यास 2 इंच फट ठेवावी, म्हणजे 20 फूट रुंद गोठ्यास 4 इंच. दोन्ही वळचणींच्या फटी मिळून तीहून कमी नसाव्यात. फटीवर पत्र्याची टोपी उंच उचलून बसवावी व ती दोन्ही पाख्यांवर पुरेशी पुढे आणावी, म्हणजे पाऊस आत येणार नाही. खालचा थर बांबूच्या तट्ट्यांचा, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला, असा घरच्या घरी होतो. हा थर आढ्यापर्यंत न भिडविता थोडा आखूड ठेवावा, म्हणजे गोठ्यातील ऊन हवाही त्याच वाटेने जाईल. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी. पत्र्याची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगविल्यास आणखी लाभ होतो. नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. राहत्या घरी तक्तपोशी असेल तर तिच्या वरच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत झरोके पाडावेत.

ह्या छपराचा लाभ केवळ उन्हाळ्यापुरता नाही. पौषातील रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा भोवतालच्या हवेहूनही अधिक थंड होतो. गुरांच्या श्वासातील वाफ त्यास लागून पाणी होते आणि पहाटे वैरणीवर, ज्वारीच्या पोत्यांवर ठिबकते. पुष्कळ जण पत्रा गळतो असे समजून डांबर लावितात. पोकळीतून वारा वाहता असला की ही ओल बरीचशी बाहेर जाते, आणि उरलेली ठिबकली तरी खालच्या थरावर अडते.

आक्षेप येतील व ते ऐकलेच पाहिजेत. फटीतून वावटळ शिरून पत्रे उडतील, हे भय खोटे नाही. वळिवाच्या वाऱ्याने केळीची बाग क्षणात आडवी होते हे आपण जाणतो. म्हणून पत्रे नुसत्या खिळ्यांवर न सोडता आकड्यांनी व बोल्टांनी वाशांस बांधावेत. उंदीर, चिमण्या व मधमाश्या ह्यांसाठी फटींस जाळी लावावी. खालच्या थरासाठी वाळका कडबा उघडा वापरू नये. विजेची एक ठिणगी गोठा खाईल. पऱ्हाटी तर मुळीच नको, कारण तिच्यावर राहिलेल्या कैऱ्यांत गुलाबी बोंडअळी दडून पुढच्या हंगामात पुन्हा शेतात येते. खर्च वाढतो हेही खरे. परंतु तो एकदाच होतो, आणि पंख्याचे बिल दर महिन्यास येते.

कांदा कोंडल्यास सडतो हे आपण शिकलो, म्हणून चाळीस खालून व बाजूंनी वारा ठेवितो. कांद्यासाठी जे कळले ते गाईसाठी व घरातील म्हाताऱ्या माणसांसाठी कळू नये काय? 2020 साली मंजूर झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गोठ्याची लांबी-रुंदी, गव्हाण व मूत्राची टाकी ह्यांची मापे ठरवून दिली होती. आमची मागणी अशी की, सरकारी साहाय्याने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक गोठ्याच्या नकाशात छपराखालची पोकळी व आढ्याची फट हीही मापाने लिहिलेली असावी, आणि ती नसल्यास काम पुरे झाले असे समजू नये.

सरकारची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. एकोणिसाव्या शतकात ह्याच भडगावी सरकारी प्रायोगिक शेतीक्षेत्र होते. प्रयोग करून मग पत्करावे ही रीत ह्या मातीस परकी नाही. आपल्या मंडळाने एका सभासदाचा जुना गोठा तसाच ठेवावा, शेजारच्यास दुहेरी छप्पर करावे, दोहोंत उष्णतामापक टांगावेत आणि चैत्र ते ज्येष्ठ दुपारचा पारा व दोन्ही वेळचे दूध वहीत मांडावे. ती वही मग कोणीही चाळून पाहावी. आमच्या लेखापेक्षा तिचा आधार कास्तकारास अधिक वाटेल, आणि तसाच तो वाटावा.