महाविद्यालय निवडताना

बारावीचे निकाल लागले की खानदेशातील पालक जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांची चौकशी करू लागतात. निकाल किती टक्के, प्रयोगशाळा कशी, प्राध्यापक नियमितपणे शिकवतात काय, हे प्रश्न रास्तच आहेत. पण तास संपल्यावर त्या आवारात काय चालते हे कोणी विचारीत नाही. जणू ती सुखवस्तूंच्या मुलांची चैनच!

पूर्व खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ साली शिक्षक झाले. शाळाच ती, महाविद्यालय नव्हे; पण तिच्या छात्रालयाची जबाबदारी पत्करून त्यांनी मुलांची सेवाशुश्रूषा केली, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. त्या सहा वर्षांत मुले वर्गाइतकीच छात्रालयातही शिकली.

आज खेड्यातला विद्यार्थी सकाळच्या एसटीने येतो आणि परतीच्या गाडीची वेळ साधून निघतो. वक्तृत्व मंडळ, नाटकाची तालीम, संध्याकाळचे ग्रंथालय हे सारे गावात खोली असणाऱ्याच्या वाट्याला जाते. मुलींची कुचंबणा तर याहून मोठी. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले, २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, पुण्यावरचे अवलंबन सुटले. वसतिगृहातली खाट मात्र त्याने आपोआप मिळत नाही.

तेव्हा वसतिगृहात जागा किती, त्या कोणत्या निकषाने दिल्या जातात, मुलींसाठी किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे. एकट्या शेतमजूर बापाला कचेरीत उत्तर मिळणे कठीण. कार्यकर्त्यांनी त्याच्यासोबत जावे.